नेट न्यूट्रॅलिटी (इंटरनेट तटस्थता)

इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपनीने आपल्या जाळ्यावरून जाणाऱ्या मजकुरात भेदभाव करू नये, कोणतेही संकेतस्थळ अडवू नये, मंद करू नये, पैसे घेऊन पुढे काढू नये, असे तत्त्व. अमेरिकी विधिज्ञ टिम वू यांनी २००३ मध्ये ही संज्ञा रूढ केली.

भारतात या तत्त्वाबाबतचा वाद दरांवरून पेटला. १० फेब्रुवारी २०१५ रोजी फेसबुक व रिलायन्स कम्युनिकेशन्स यांनी ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ ही योजना सुरू केली. निवडक संकेतस्थळे फुकट, बाकीच्यांना डेटाचे पैसे, असे तिचे स्वरूप. पहिल्या टप्प्यातील दूरसंचार परिमंडळांत महाराष्ट्र व आंध्र प्रदेश यांचा समावेश होता. तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेश परिमंडळात मोडत असल्याने पैनगंगेच्या अलीकडचे यवतमाळ आणि पलीकडचे भीमपूर, दोन्हीकडचे मराठी भाषक या योजनेच्या कक्षेत आले. सेवेच्या भाषांत मराठीही होती. फुकट संकेतस्थळांच्या यादीत काय असावे हे मात्र वाचक ठरवत नव्हता.

२७ मार्च २०१५ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरण ‘ट्राय’ने या विषयावर चर्चापत्र काढले. त्यावर दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. मुंबईच्या ‘एआयबी’ या गटाच्या चित्रफितीचा त्यात मोठा वाटा होता. एप्रिलमध्ये ‘एअरटेल झीरो’ या तशाच योजनेतून फ्लिपकार्टने अंग काढून घेतले. सप्टेंबरमध्ये फेसबुकने आपल्या योजनेचे नाव ‘फ्री बेसिक्स’ केले. डिसेंबरमध्ये मार्क झुकरबर्ग यांनी वृत्तपत्रीय लेखात महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याचा दाखला देऊन तिची बाजू मांडली. आक्षेप गंभीर होता: ज्याच्याकडे डेटासाठी पैसे नाहीत, त्याच्यापुरते यादीबाहेरचे मत अस्तित्वातच नसते. छोट्या मराठी संकेतस्थळांना याचा फटका सर्वांत आधी बसला असता.

ट्रायच्या ८ फेब्रुवारी २०१६ च्या विनियमांनी मजकुरानुसार वेगळे दर आकारण्यास बंदी घातली (दंड दिवसाला ५० हजार, कमाल ५० लाख रुपये, आपत्कालीन सेवांना सूट). सोबतच्या निवेदनात संविधानाच्या कलम १९(१)(क)चा व रेडिओलहरींविषयीच्या १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयीन निकालाचा आधार आहे. खासगी कंपनीवर हे कलम कितपत बंधनकारक, याबाबत मतभेद आहेत. अडवणे व मंद करणे यांविरुद्धची चौकट ३१ जुलै २०१८ रोजी मंजूर झाली.

लिहिणाऱ्यावरील कारवाई हा वेगळा विषय. फेसबुकवरील मजकुरावरून पालघर येथे २०१२ मध्ये झालेल्या अटकांनंतर आव्हान दिले गेलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी, ट्रायच्या चर्चापत्राच्या तीनच दिवस आधी रद्द केले.

अमेरिकेतील इंटरनेट तटस्थतेचे संघीय नियम जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने रद्द ठरवले. भारतातील २०१६ चे विनियम लागू आहेत.