घरखरेदीतील गुंतवणूक आणि आर्थिक परिस्थिती (मुंबई, २०२०–२३)

कोविडकाळात रिझर्व्ह बँकेने मे २०२० मध्ये रेपो दर ४ टक्क्यांवर आणला आणि गृहकर्जे स्वस्त झाली. मात्र नोकरीची शाश्वती नसताना स्वस्त कर्जानेही गिऱ्हाईक लगेच पुढे येत नाही. मुंबईत गाडी रुळावर आणली ती राज्य सरकारच्या मुद्रांक शुल्क सवलतीने. सप्टेंबर २०२० पासून डिसेंबरअखेर ५ऐवजी २ टक्के, नंतर मार्च २०२१ पर्यंत ३ टक्के. एक कोटीच्या सदनिकेवर पहिल्या टप्प्यात तीन लाख वाचत. डिसेंबरमध्ये शुल्क भरून चार महिन्यांत दस्त नोंदवण्याची मुभा असल्याने अनेकांनी ती संधी साधली.

महागाई वाढताच मे २०२२ पासून रेपो दर चढत गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ टक्क्यांवर पोहोचला; त्याबरोबर गृहकर्जांचे व्याजही वाढले. वीस वर्षे मुदतीच्या ५० लाखांच्या कर्जाचा हप्ता ७ टक्क्यांना सुमारे ३८,८०० रुपये, तर ९ टक्क्यांना सुमारे ४५,००० रुपये बसतो. मुंबईत भाड्याचे उत्पन्न बहुधा व्याजाइतकेही नसते. म्हणून कर्ज काढून दुसरे घर घेणारा खरे तर भाववाढीवरच भिस्त ठेवतो. व्याजदरवाढीची झळ त्यालाच सर्वाधिक बसते.