चार मुळ्यांचा काढा: हाडवैद्याकडून बाळंतिणीकडे

‘सिवू तांग’ म्हणजे ‘चार द्रव्यांचा काढा’. अंगात रक्त भरावे म्हणून चिनी स्त्रिया शतकानुशतके तो घेत आल्या आहेत. (यातील ‘तांग’ म्हणजे काढा, तांग राजवंशाचे नाव निराळे.) पण ज्या ग्रंथात तो प्रथम आढळतो, तो ग्रंथ हाडवैद्यकाचा आहे.

त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत एक कथा येते. इ.स. ८४० च्या दशकात यीचुनच्या परिसरात एक विरक्त राहत असे. शेजारच्या पेंग नावाच्या वृद्धाचा मुलगा फांद्या तोडताना झाडावरून पडला. मान आणि हात जायबंदी झाले. विरक्ताने त्याला बरे केले व आपले गुप्त योग वृद्धाच्या हाती सोपवले. कथेत दंतकथेचा अंश असेलही. पण त्या ग्रंथात हा काढा सांगितला आहे तो जबर मार लागून पोटात रक्त साकळले असता.

द्रव्ये चारच: वाफवून काळे केलेले रेमानियाचे मूळ, पांढऱ्या पिओनीचे मूळ, दांगग्वे हे सुगंधी मूळ आणि छ्वानश्योंगचा कंद. पहिली दोन रक्ताचे पोषण करतात, उरलेली दोन त्याला वाहते ठेवतात, असे चिनी वैद्य मानतात.

मग रुग्ण बदलला कसा?

सोंग काळात, १०७६ मध्ये, वांग आन्शीच्या सुधारणांच्या ओघात कायफेंग येथे सरकारी औषधालय निघाले. तयार औषधे शासनच विकू लागले. ११५१ मध्ये अंतिम नाव मिळालेल्या त्याच्या योगसंग्रहात हाच काढा अनियमित पाळी, अतिस्राव, गर्भपाताची भीती आणि बाळंतपणानंतर अडलेला स्राव यांसाठी दिलेला आहे. चारही द्रव्ये समभाग. भरड चूर्ण पाण्यात उकळून, गाळून, उपाशीपोटी गरम घ्यावे. घटक तेच राहिले, रुग्ण मात्र स्त्री झाली.

यामागे एक सिद्धान्त होता: स्त्रीदेहाचा कारभार रक्तावर चालतो, पाळी, गर्भाचे पोषण आणि दूध ही त्याच रक्ताची रूपे. चेन झ्मिंगचा १२३७ चा स्त्रीवैद्यकावरील महासंग्रह सुरू होतो तोच पाळीच्या नियमनापासून. या दृष्टीने स्त्रियांच्या आजारांना स्वतंत्र शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली, हे खरे. पण तिच्या कोणत्याही दुखण्याचे मूळ पाळीत शोधण्याची सवयही वैद्यांना याच दृष्टीने लावली. लाभ आणि हानी येथे वेगळी काढता येत नाहीत.

चौदाव्या शतकात झू झेनहेंगने सरकारी संग्रहातले योग रुग्ण न पारखता देण्याच्या प्रथेवर कडाडून टीका केली. तरीही रक्तक्षयासाठी त्याची भिस्त याच काढ्यावर होती, आणि त्याच्या परंपरेतील वैद्य तो पुरुषांनाही देत.

तैवानमध्ये आजही पाळी संपल्यावर मुलींना हा काढा दिला जातो; पुष्कळदा कोंबडीबरोबर शिजवून.