नेटवर्क इंटरफेसची मांडणी

नेटवर्क इंटरफेसची मांडणी म्हणजे संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमला तिच्या नेटवर्क जोडण्या कशा वापरायच्या हे ठरवून देणे होय. इंटरफेस हा ईथरनेट कार्ड किंवा वाय-फाय यांसारखा प्रत्यक्ष असतो, किंवा १२७.०.०.१ हा पत्ता असलेल्या लूपबॅकप्रमाणे केवळ सॉफ्टवेअरने निर्माण केलेला असतो. मांडणीत सामान्यतः आयपी पत्ता, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस सर्व्हर ठरवले जातात.

पत्ता देण्याच्या पद्धती

डेस्कटॉप संगणकाला पत्ता बहुधा डीएचसीपीद्वारे आपोआप मिळतो. सर्व्हर व सामायिक प्रिंटर यांना तो स्थिर ठेवतात. वर्धा जिल्ह्यातील एखाद्या ग्रामपंचायत कार्यालयात भारतनेटची फायबर जोडणी आली, तरी आतील संगणकांना १९२.१६८ ने सुरू होणारे खाजगी पत्ते तेथील राउटरच देतो. प्रिंटरचा पत्ता बदलत राहिला तर दाखल्यांची छपाई अडते. स्थिर पत्ता डीएचसीपीच्या वाटपकक्षेबाहेर निवडावा लागतो, अन्यथा दोन उपकरणांना एकच पत्ता जाण्याची शक्यता असते. विंडोज संगणकावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसल्यास त्याला डीएचसीपीकडून उत्तर मिळालेले नसते. अशा वेळी दोष बाहेरच्या फायबरपेक्षा कार्यालयातील तारेत, स्विचमध्ये किंवा राउटरमध्ये शोधणे योग्य.

लिनक्समधील मांडणी

१९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीतून आलेली ‘इफकॉन्फिग’ आज्ञा लिनक्सवर आता मागे पडली असून तिची जागा ‘आयपी’ या आज्ञेने घेतली आहे. दोन्ही आज्ञा फक्त चालू स्थिती बदलतात. वीज जाऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाला की फायलीत साठवलेली जुनी मांडणी परत येते, आणि महिन्यांपूर्वीची अपुरी दुरुस्ती तेव्हा उघडी पडते. विंडोजमध्ये मात्र ‘नेटएसएच’ने केलेला बदल सहसा टिकतो.

कायम मांडणीची जागा वितरणानुसार वेगळी असते. डेबियनमध्ये पारंपरिक ‘इंटरफेसेस’ फाइल आहे, उबुंटूमध्ये नेटप्लॅन, तर फेडोरामध्ये नेटवर्कमॅनेजर. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही डेबियनवर आधारित आहे. एकाच इंटरफेसचा ताबा दोन व्यवस्थापकांकडे देणे हे गोंधळाचे नेहमीचे कारण ठरते.

दूरस्थ सर्व्हर

दूरच्या सर्व्हरवर चुकीचा गेटवे लिहिल्यास दुरुस्ती करणाऱ्याचीच जोडणी तुटते व प्रत्यक्ष जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. नेटप्लॅनची ‘ट्राय’ आज्ञा यासाठीच आहे: नवी मांडणी लागू केल्यावर १२० सेकंदांत पुष्टी न मिळाल्यास ती जुनी मांडणी परत आणते.