डॉ. सुखदेव थोरात : प्रवेशानंतरच्या भेदभावाची नोंद घेणारे यूजीसी अध्यक्ष

डॉ. सुखदेव थोरात 2006 ते 2011 या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) अध्यक्ष होते. जन्म 1949, अमरावती जिल्ह्यातील महिमापूर. बाबासाहेबांनी 1950 मध्ये औरंगाबादला सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयाचे ते विद्यार्थी. पुढे दिल्लीच्या जेएनयूमध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. विषय अर्थशास्त्र असला तरी त्यांचे सर्वांत मोलाचे काम विज्ञान शिक्षणातले आहे, असे आम्हाला वाटते.

2006 मध्ये दिल्लीच्या एम्समधील अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी केंद्र सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली तीन सदस्यांची समिती नेमली. मे 2007 मध्ये अहवाल आला. वसतिगृहात त्रास देऊन या मुलांना ठराविक मजल्यांवर ढकलले जाते, तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षेत भेदभाव होतो, शिक्षकांचा आधार मिळत नाही, हे त्यात नोंदले गेले. प्रात्यक्षिकाचे गुण परीक्षकाच्या हातात असतात, लेखी उत्तरपत्रिकेसारखे नाव झाकता येत नाही. विज्ञान शाखेत जात इथेच शिरते. एम्स प्रशासनाने अहवाल फेटाळला.

थोरातांच्या काळात, अकराव्या योजनेत (2007-12), यूजीसीने महाविद्यालयांत समान संधी केंद्रे आणि उपचारात्मक वर्गांसाठी निधी दिला. इंदापूर तालुक्यातील लासुर्ण्याहून बारामती-पुण्याला बी.एस्सी.साठी जाणाऱ्या मुलामुलींनी आपल्या कॉलेजात असे केंद्र आहे का, हे प्राचार्यांना लेखी विचारावे. तोंडी विचारले की उत्तरही तोंडीच मिळते.

संशोधनासाठी दोन फेलोशिप महत्त्वाच्या ठरल्या, दोन्ही यूजीसीमार्फत राबवल्या गेल्या. अनुसूचित जाती-जमातींसाठी राजीव गांधी राष्ट्रीय फेलोशिप 2005-06 पासून. 1990 च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातीचे बौद्धही तिला पात्र. दुसरी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप, अल्पसंख्याकांसाठी, त्यांत बौद्धही आले. ही 2009 मध्ये सुरू झाली आणि 2022-23 पासून केंद्र सरकारने बंद केली. अनुसूचित जातींची फेलोशिप नाव बदलून चालू आहे. महाराष्ट्रात पुण्याच्या बार्टीची संशोधन फेलोशिपही आहे.

2012 मध्ये, थोरात पदावरून गेल्यानंतर, यूजीसीने समतेचे विनियम काढले. रोहित वेमुला (2016) आणि मुंबईच्या डॉ. पायल तडवी (2019) यांचे मृत्यू हे विनियम कागदावर असतानाच झाले. दोघांच्या मातांनी त्यांच्या अंमलबजावणीसाठी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली.