कालव्याची पाळी आणि टोमॅटोची मुळी

बारामती-इंदापूर तालुक्यांतल्या ठिबक सिंचनाची कहाणी बहुधा दुष्काळापासून सांगितली जाते: पाणी नव्हते, म्हणून ते जपून वापरावे लागले. हे अर्धेच खरे आहे. या तालुक्यांना टंचाईइतकेच कालव्याच्या पाण्यानेही घडवले. १८७६-७७च्या दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर नीरा डावा कालवा आकाराला आला आणि १८८५ पासून वाहू लागला. पंचवीस वर्षांतच, १९१० मध्ये, कृषितज्ज्ञ हॅरल्ड मान आणि ताम्हणे यांना नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. खोल काळी जमीन, अपुरा निचरा आणि उसाला मोकळे सोडलेले पाणी यांमुळे भूजल वर आले, मीठ फुटले. बारामती तालुक्यातलाच सुप्याकडचा जिराईत भाग मात्र पावसाकडे डोळे लावून होता. एकाच तालुक्यात जमीन पाण्याने बिघडत होती आणि पाण्यावाचून पडूनही राहत होती. म्हणून पाणी किती, यापेक्षा ते मुळाशी कधी आणि कसे पोहोचते, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

कालव्याचे पाणी पाळीने येते. उसाला दोन पाळ्यांतले अंतर बऱ्यापैकी सोसते. टोमॅटोला सोसत नाही. जमीन आधी सुकली आणि मग पाटाने भरपूर भिजली, की पोसलेले फळ तडकते. ओलाव्याच्या चढउतारात फळाला कॅल्शियम नीट पोहोचत नाही आणि त्याचे बूड काळे पडून सडते. रोज थोडे पाणी देऊन मुळाशी वाफसा टिकवणे पाटपाण्याने जमत नाही. गादीवाफ्यावरच्या ठिबकाच्या नळीने (लॅटरलने) जमते. वर चंदेरी, खाली काळा असा प्लास्टिकचा मल्चिंग पेपर अंथरला की बाष्पीभवन घटते, तणाला उजेड मिळत नाही, आणि चंदेरी बाजूच्या परावर्तित उजेडाने पांढरी माशी काही प्रमाणात बिचकते. विद्राव्य खतही त्याच नळीतून जाते. विहीर किंवा शेततळे हाताशी असले, की पाणी केव्हा द्यायचे हे पाटकऱ्याऐवजी शेतकरी ठरवतो. या तंत्राची खरी कमाई मी याच बदलात पाहतो.

अर्थात हे आपोआप घडले नाही. १९७१ मध्ये आप्पासाहेब पवारांनी बारामतीत उभारलेला ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट, पुढे तिथले कृषी विज्ञान केंद्र, आणि १९८०च्या दशकापासूनचे राज्याचे ठिबक अनुदान यांनी हे तंत्र बांधापर्यंत आणले.

यावर एक आक्षेप जोरकस आहे: ठिबकाने वाचलेले पाणी शेवटी आणखी क्षेत्र भिजवण्यात जाते, मग खोऱ्याची बचत कुठे झाली? हा आक्षेप मला मान्य आहे. एका एकरातली बचत खोऱ्याच्या हिशोबात आपोआप जमा होत नाही. उपशावर आणि क्षेत्रावर मर्यादा नसेल तर नळी पाणी वाचवत नाही, ते फक्त दुसरीकडे नेते. पण त्यावरून पाटपाणीच बरे होते असे ठरत नाही. पाटाने जिरलेले जादा पाणी काही प्रमाणात विहिरींत परत येत असेल, पण याच खोऱ्यात त्यानेच जमिनी खारावल्या. दुसरा आक्षेप प्लास्टिकचा. पाचटाचे आच्छादन जुने आहे आणि मातीत मिसळते. फाटलेला पेपर मिसळत नाही. पाचट पावसाचे उडते शिंतोडेही अडवते. मात्र तण रोखायला त्याचा थर बराच जाड लागतो, म्हणून शेतकरी पेपर निवडतो. त्याच्या या निवडीला दोष न देता, वापरलेला पेपर गोळा करण्याची व्यवस्थाही अनुदानातच बसवली पाहिजे.