प्रस्तावना लिहायला बसलेला वकील

हल्ली अप्रेझलचे दिवस आले की ऑफिसात एकच सल्ला ऐकू येतो : "काम करतोस ते ठीक, पण ते दिसलं पाहिजे रे!" पेणकरपाड्याहून रिक्षाने मीरा रोड स्टेशन, तिथून लोकलने चर्चगेट, एवढ्या प्रवासात यावर विचार करायला भरपूर वेळ मिळतो. आणि मग मला आठवतात पांडुरंग वामन काणे.

काणे कोकणातले, जन्म १८८०चा. आधी शाळामास्तर, मग मुंबई हायकोर्टात वकील. नीलकंठ भट्टांचा 'व्यवहारमयूख' संपादित करताना त्यांना वाटले, प्रस्तावनेत धर्मशास्त्राचा थोडक्यात इतिहास द्यावा. पण विषय प्रस्तावनेत मावेना! 'व्यवहारमयूख' १९२६ साली निघाला आणि मनातल्या त्या प्रस्तावनेचा झाला स्वतंत्र ग्रंथ, 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र'. पुण्याच्या भांडारकर संस्थेने तो छापला. पहिला खंड १९३०चा, पाचवा पुरा झाला १९६२ साली. सगळी मिळून सुमारे साडेसहा हजार पाने.

दरम्यान ते १९४७ साली मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पुढे राज्यसभेवर नियुक्त झाले, १९५६ साली चौथ्या खंडाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि १९६३ साली भारतरत्न. ढोल कुठे वाजला? संदर्भ लागला की लोकांना काण्यांचा खंड उघडावा लागे, एवढेच.

म्हणजे गप्प बसावे, फळ आपोआप मिळते? असे मला तरी वाटत नाही. माझ्या एका जुन्या ऑफिसात मी रात्री जागून केलेला तक्ता दुसऱ्याच्या नावाने वरपर्यंत गेला. मी गप्प होतो, पण त्या गप्प राहण्यातून काहीच निघाले नाही. काणे आणि आपल्यात विद्वत्तेचा फरक आहेच, पण एक साधा फरकही आहे : त्यांच्या प्रत्येक खंडावर त्यांचे नाव होते, आणि तो ज्यांना हवा होता त्यांच्या हाती पोचत होता.

मिरवणे वेगळे आणि सही करणे वेगळे. पहिले न करताही माणूस पुढे जातो, दुसरे मात्र टाळू नये. आता मी प्रत्येक तक्त्याखाली नाव नि तारीख घालतो आणि ज्याला त्याची गरज आहे त्याला स्वतः पाठवतो.

बाकी घाई असणाऱ्यांनी एक हिशोब करावा. भारतरत्न मिळाले तेव्हा काण्यांनी वयाची ८० वर्षे ओलांडली होती. तोवर आधार होता तो कामातल्या गोडीचा. ती नसेल तर शांतपणाही फार दिवस टिकत नाही.