न हरता तिसरा नंबर

समजा, रणजी करंडकात बाद फेरी नाहीच. प्रत्येक संघाने आपापल्या सोयीने दहा सामने खेळायचे आणि मोसम संपला की क्रीडा पत्रकारांनी मतं टाकून विजेता ठरवायचा. वेडेपणा वाटतो ना? अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा विजेता कित्येक दशकं असाच ठरत असे. (फुटबॉल म्हणजे आपलं पायाने खेळायचं नव्हे. हेल्मेट घालून, लांबट चेंडू काखोटीला मारून पळायचं ते.)

त्यालाही कारण होतं. संघ शंभराहून जास्त आणि खेळ इतका धसमुसळा की आठवड्याला एकच सामना झेपतो. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणं अशक्यच. मग १९३६ साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने पत्रकारांची मतं घेऊन दर आठवड्याला क्रमवारी छापायला सुरुवात केली. १९५० पासून युनायटेड प्रेसने प्रशिक्षकांची वेगळी क्रमवारी काढली. लोकांना चघळायला विषय आणि पेपरांना मजकूर. पण हळूहळू ही क्रमवारी म्हणजेच अजिंक्यपद असं होऊन बसलं.

ते किती विचित्र होतं हे बघायचं तर १९६६ चा मोसम बघावा.

१९ नोव्हेंबर १९६६. पहिल्या नंबरचा नोटर डेम विरुद्ध दुसऱ्या नंबरचा मिशिगन स्टेट, मिशिगनच्या मैदानावर. दोघेही तोवर अजिंक्य. सुरुवातीलाच मिशिगनच्या बब्बा स्मिथ नावाच्या पहाडाने नोटर डेमचा क्वार्टरबॅक टेरी हॅनराटीला असं आदळलं की तो खांदा धरून बाहेर गेला. त्याच्या जागी आला कोली ओब्रायन, ज्याला मधुमेह होता आणि इन्सुलिन घ्यावं लागत असे. ०-१० अशा पिछाडीवरून या पोराने संघाला १०-१० पर्यंत आणलं. शेवटचं जेमतेम एक मिनिट उरलं, चेंडू नोटर डेमकडे, आपल्याच बाजूच्या ३० यार्डांच्या आसपास.

आणि प्रशिक्षक आरा पार्सेगियन यांनी ठरवलं, जोखीम नको. लांब पास फेकायचा नाही, चेंडू छातीशी धरून दोन-चार पावलं पळायचं, वेळ काढायची. मिशिगनचे खेळाडू समोरून टोमणे मारत होते. आपल्याकडे आखाड्यात दोन नामांकित पैलवान नुसती मनगटं धरून वेळ काढायला लागले की लोक काय काय ओरडतात, ते ऐकलेल्यांना हे चित्र सहज दिसेल. जादा वेळेचा नियम तेव्हा नव्हताच (तो १९९६ ला आला). सामना बरोबरीत सुटला.

पार्सेगियन भित्रे म्हणून पुढे जन्मभर हिणवले गेले. मला ते तितकंसं पटत नाही. पास चुकून चेंडू मिशिगनच्या हाती पडला असता तर त्यांच्याकडे अनवाणी पायाने लांबून किक मारणारा डिक केनी होता. शिवाय पार्सेगियन यांचा एक सामना अजून बाकी होता, मिशिगनचा मोसम मात्र इथेच संपत होता. पुढच्या आठवड्यात नोटर डेमने सदर्न कॅलिफोर्नियाला ५१-० असं चिरडलं आणि मतदारांनी त्यांना पहिलं केलं. हरलो तर मतं जातात, बरोबरीत सुटलो तर बहुधा टिकतात, हे गणित त्यांनी अचूक मांडलं होतं. खेळण्याची रीतच मतांनी बदलली, यात एकट्या त्यांचा काय दोष?

पण माझं मन अडकतं ते तिसऱ्या संघात. अलाबामा.

मोसमाआधीच्या क्रमवारीत अलाबामा पहिला होता. 'बेअर' ब्रायंट यांच्या या संघाने दहाच्या दहा सामने जिंकले, त्यातल्या सहांत समोरच्याला एकही गुण करू दिला नाही. तरी शेवटच्या क्रमवारीत ते तिसरे, बरोबरीत सुटलेल्या दोन्ही संघांच्या खाली!

का? त्यांचे बरेच प्रतिस्पर्धी लिंबूटिंबू होते, असं म्हणता येतं. पण एक दुसरीही गोष्ट होती. अलाबामाच्या संघात एकही काळा खेळाडू नव्हता. १९६३ मध्ये याच विद्यापीठाच्या दारात गव्हर्नर वॉलेस काळ्या विद्यार्थ्यांची वाट अडवून उभे राहिले होते. उलट मिशिगनच्या संघात बब्बा स्मिथ टेक्सासचा, जॉर्ज वेबस्टर साउथ कॅरोलिनाचा. दक्षिणेतल्या विद्यापीठांनी ज्यांना दार उघडलं नसतं, अशी ही पोरं.

म्हणजे पत्रकारांनी वॉलेसचा राग मुलांवर काढला? अलाबामात पुष्कळांना आजही तसंच वाटतं. पण मग १९६४ आणि १९६५ ला याच पत्रकारांनी याच गोऱ्या संघाला पहिलं केलं होतं, त्याचं काय? त्यातही ६४ ला विजेतेपद देऊन झाल्यावर अलाबामा ऑरेंज बोलमध्ये टेक्सासकडून हरला, तेव्हा मतदारांची फजिती झाली होती. काय काय मिसळलं असेल कोण जाणे. मतपत्रिकेवर कारण लिहायची जागा नसते. आणि ज्या संघाने राज्यातल्या काळ्या पोरांना बाहेर ठेवलं, त्याने अन्यायाची तक्रार करावी हेही जरा जडच जातं. तरीही, मैदानात ते हरले नव्हते.

२ जानेवारी १९६७ ला शुगर बोलमध्ये अलाबामाने नेब्रास्काला ३४-७ असं हरवलं. त्याचा उपयोग शून्य, कारण शेवटचं मतदान डिसेंबरमध्येच उरकलं होतं. गंमत म्हणजे आदल्याच वर्षी पत्रकारांनी बोल सामन्यांनंतर मतदान घेतलं होतं, आणि त्याचा फायदा मिळून चौथ्याचा पहिला झालेला संघ होता... अलाबामाच.